कोमट रक्ताचा जावई

माझ्या थोरल्या साडूंइतका घोड्यांचा अभ्यास केलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतके कमी घोडे पाहिलेला घोडेतज्ज्ञ अख्ख्या भारतात सापडणार नाही. अरबी घोडा त्यांनी पाहिलेला नाही. विलायतेतला तो अगडबंब नांगराचा घोडा पाहिलेला नाही. जर्मनीतला उड्या मारणारा घोडा तर नाहीच नाही. पण या तिघांपैकी कोणाला कशाचा राग येतो, कोण पाहुण्यांसमोर लाजतो आणि कोणाला सकाळी उठवलेलं खपत नाही, हे ते अशा खात्रीनं सांगतात, की तिघंही पांढरकवड्याला त्यांच्या घरी भाड्यानं राहून गेले असावेत असं वाटावं. नोकरी त्यांची पशुवैद्यकीय दवाखान्यात, व्रणोपचारकाची. म्हणजे जनावरांच्या जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्ट्या बांधायच्या. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून बैल, म्हशी, बकऱ्या किती गेल्या याची गणती नाही. घोडे मात्र मोजून चार, आणि त्यातला एक दवाखान्यात पोचला तेव्हा मेलेलाच होता.

हे वेड लागलं ते एका फाटक्या पुस्तिकेमुळे. दवाखान्यातली जुनी रद्दी काढताना ती त्यांच्या हाती आली. पुढची पानं नव्हती, मागची वाळवीनं खाल्लेली, पण मधल्या पानांवर जगातल्या घोड्यांची वर्गवारी होती. गरम रक्ताचे, थंड रक्ताचे आणि कोमट रक्ताचे. त्या दुपारी साडू डबा न उघडताच घरी आले आणि ओट्यावरूनच ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, हाक मारून म्हणाले, "अवं, जगाचं कोडं सुटलं!" ताई तेव्हा वाळवणावरच्या कावळ्यांना हाकलत होत्या. त्यांनी विचारलं, "मंग डबा काहून नाही खाल्ला?" ताईंच्या संसाराचा सगळा सूर या एका प्रश्नात आहे.

पुस्तिकेतलं कोडं तसं साधं होतं. वाळवंटातले, सडसडीत, पातळ कातडीचे, पान हललं तरी उधळणारे घोडे ते गरम रक्ताचे. अरबी घोडा हा त्यांचा मूळपुरुष, आणि शर्यतीतले घोडे त्याच्याच वंशातले. थंड मुलखातले, जाड हाडांचे, पायावर केसांचे झुबके असलेले, दिवसभर ओझं ओढूनही कपाळावर आठी न आणणारे ते थंड रक्ताचे. आणि या दोघांच्या संकरातून माणसानं पिढ्यान्‌पिढ्या मेहनत घेऊन घडवलेले, अंगात रग आणि डोक्यात शांतता असलेले, ते कोमट रक्ताचे. यात रक्ताच्या तापमानाचा काही संबंध नव्हता. सगळा प्रश्न स्वभावाचा आणि बांध्याचा होता. पण हे वाक्य नेमकं वाळवीनं खाल्लेल्या पानावर असावं, कारण साडूंनी पहिल्या वर्षी काय केलं असेल तर दवाखान्यातला थर्मामीटर खिशात घालून टापूतल्या झाडून साऱ्या घोड्यांचा ताप मोजला. वणीची लग्नाची घोडी, राजूरला कोळशाच्या धुळीनं काळं पडलेलं एक टट्टू, जत्रेत पोरांना फिरवणारा एक म्हातारा घोडा. जनावरांचा ताप कुठून मोजतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना या संशोधनात किती लाथा होत्या हे सांगायला नको. आणि निष्कर्ष? सगळेच्या सगळे शंभर ते एकशे एक. साडू आठ दिवस खिन्न होते. मग कुठूनसं दुसरं पुस्तक मागवून त्यांनी खुलासा वाचला आणि मला वणीला फोन करून ओरडले, "सर, रक्त सगळ्याइचं सारखंच गरम हाये! फरक सभावाचा हाये!" जणू ही बातमी मीच त्यांच्यापासून दडवून ठेवली होती.

एकदा स्वभावाची किल्ली सापडल्यावर मग घोड्यांवर थांबण्याचं कारण उरलं नाही. त्यांनी एक जाडजूड वही घातली आणि तिच्यात माणसांची नोंद सुरू केली. नाव, गाव, बांधा, चाल, वर्ग. गावातला चहावाला गरम. पोस्टमन थंड. आमच्या सासूबाई आयुष्यभर गरम आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थंड, असा वर्गबदलही तारखेसह नोंदलेला. मला त्यांनी सुरुवातीला थंडात टाकलं होतं, कारण शाळेत वीस वर्षं मी एकाच मुख्याध्यापकांच्या हाताखाली काढली. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "वाईट नका मानू, सर. थंड रक्ताचा घोडा नसता तं विलायतेतली शेती बुडाली असती." ताईंच्या नावापुढचा रकाना मात्र कोराच होता. ताईंनी एकदा विचारलं, "आन् मी जी कोन्त्या रक्ताची?" साडू वही मिटत म्हणाले, "अभ्यास सुरू हाये." ताई म्हणाल्या, "तीस वर्सं झाले आता. पेपर तरी कधी हाये सांगून ठेवा."

कोमट मात्र त्यांच्या वहीत एकही नव्हता. कोणी अधलं-मधलं माणूस दाखवून "हा कोमट म्हणा ना" असं सुचवलं, की साडू खवळत. कोमट म्हणजे अर्धं गरम, अर्धं थंड अशी समजूत असणाऱ्यांचा त्यांना विशेष राग. "गरम पान्यात थंड पानी ओतून कोमट होते, घोडा नाही होत!" ते म्हणत. "कोमट रक्ताच्या घोड्याले बापाच्या नावावर कोनी दारात उभं नाही करत. त्याले सोता चालून दाखवा लागते. पंच बसते समोर. चाल पाह्यते, पाय पाह्यते, सभाव पाह्यते. पसंत पडला तं मंग मांडीवर तापल्या लोखंडाचा शिक्का मारते. त्या शिक्क्याबगर कोमट नाही!" हे शिक्क्याचं प्रकरण त्यांच्या व्याख्यानाचा शेवट असे. जर्मनीपासून सुरुवात होऊन शिक्क्यापर्यंत यायला त्यांना साधारण वीस मिनिटं लागत. मी हे व्याख्यान इतक्या वेळा ऐकलंय की चहा किती वेळानं मागावा हे मला त्यावरून कळतं.

आता त्यांच्या घोडीविषयी सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी नागपूर-हैदराबाद रस्त्यानं जनावरं नेणारा एक ट्रक पांढरकवड्याला थांबला, कारण आतल्या एका घोडीचा पाय फळीत अडकून सोलून निघाला होता. साडूंनी रस्त्यावर बसून तिची जखम धुतली, पट्टी बांधली, पण तिला उभं राहता येईना. ट्रकवाल्यानं तिला तिथंच सोडलं आणि जाता जाता म्हणाला, "काठियावाडी है साहब, कान देख लो." बस्स. काठेवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात आणि त्यांची टोकं एकमेकांना भिडतात, हे साडूंना पाठ होतं. काठेवाडी म्हणजे अरबी रक्त, अरबी रक्त म्हणजे गरम. त्यांनी घोडीचं नाव ज्वाला ठेवलं. पाय बरा व्हायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत त्यांची नववीतली मुलगी मीनल रोज शाळेतून येऊन दप्तर न काढता तिला कुटाराचा चारा घालायची, भिजवलेले चणे द्यायची आणि तिच्याशी बोलत बसायची. घोडी तिचा आवाज आला की मान वळवायची. बाकी कशानंही ज्वाला हलली असेल तर शपथ. दिवाळीत तिच्या पायाशी लवंगी लड फुटली तेव्हा तिनं जांभई दिली. साडू म्हणाले, "पाह्य सर, किती आग आतल्या आत दाबून धरली हाये!"

आणि कान? कान आत वळलेले होते, हे मीही मान्य करतो. पण टोकं भिडत नव्हती. मध्ये बरोबर एक बोट अंतर राहायचं. मी गणित शिकवतो. मला खोटं सांगता येत नाही. साडू दर भेटीत मला घोडीसमोर उभं करत, चुटकी वाजवत, शीळ घालत, तिचे कान टवकारले की उत्साहानं विचारत, "जुळले ना?" मी बोट आडवं धरून म्हणत असे, "भाऊ, एक बोट हाये." मग ते चुटकी आणखी जोरात वाजवत. अकरा वर्षांत हे किती वेळा झालं असेल ते सांगवत नाही, पण प्रत्येक वेळी एक बोट होतं.

मीनल डी.एड. होऊन मुकुटबनच्या एका शाळेत लागली आणि तिच्यासाठी स्थळं यायला लागली. इथं साडूंच्या वर्गवारीनं खरा रंग धरला. यवतमाळचा पहिला मुलगा फाटकाशी येऊन तीनदा हॉर्न वाजवता झाला. साडूंनी वहीत लिहिलं, 'गरम. लवकर सुटेल, वळणावर पाडेल.' नागपूरचा दुसरा आलुपोहे खाऊन सोफ्यावरच पेंगला. 'थंड. गाडीला जुंपण्यास योग्य.' तिसरा सगळ्यांच्या सगळ्या म्हणण्याला होकार देत होता. त्याला मी भीतभीत कोमट म्हटलं तर साडू म्हणाले, "सर, हे कोमट नाही, हे शिळं हाये." तिघंही गेले. आणि मग मीनलनंच एका रविवारी सांगितलं, की मुकुटबनला शाळेजवळ कृषी केंद्र चालवणारा प्रफुल तिला पसंत आहे, त्याच्या घरी कापूस-तुरीची शेती आहे, आणि तो येत्या रविवारी आईवडलांसोबत येणार आहे. "वर्गवारी करा बाबा, पन नीट करा," असं तिनं बजावलंही.

मी त्या दिवशी हजर होतो. प्रफुल काळासावळा, रुंद खांद्यांचा, आणि बोलण्यात इतका जपून की 'हो जी' आणि 'नाही जी' यावर त्याचं भागत होतं. चहा होतो न होतो तोच साडूंनी त्याला हाताला धरून मागच्या दारानं घोडीकडे नेलं. बिचाऱ्याच्या चपला पुढच्या दारात राहिल्या. अंगणातून साडूंचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. जर्मनी आली, नांगराचे घोडे आले, अरबस्तान आलं, पंच बसले. मी घड्याळ पाहिलं. शिक्क्यापर्यंत वीस मिनिटं पुरी झाली. दोघं परत आले तेव्हा प्रफुलच्या कपाळावर घाम होता आणि तो भिंतीच्या कडेकडेनं चालत होता. "काय म्हणता, समजलं का?" मी विचारलं. "हो जी," तो म्हणाला, "बहुत चांगलं समजलं." आणि पाणी मागून दोन तांबे प्यायला.

ते लोक गेले आणि साडूंनी निकाल दिला. "थंड. पक्का थंड. इतकं सांगितलं, चेहऱ्यावर काही नाही. डोळ्याची पापनी हलली नाही पोराची. आन् दुसरं सांगू का? लंगडते. उजवा पाय टाकताना चोरते. फाटकापाशी म्या पाह्यलं. लोकं लपवून राह्यले आपल्यापासून." मीनल म्हणाली, तो लंगडत नाही, तिनं रोज पाहिलंय. साडू म्हणाले, मी तीस वर्षं लंगडी जनावरं पाहतोय, मला चाल शिकवू नको. "आन् तू अरबी रक्ताची पोरगी. तुले नांगराच्या घोड्याच्या जोडीले बांधू कायले?" मीनल उभी राहिली. तिचा आवाज मुळीच चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "मंग लिहून टाका वहीत," ती म्हणाली. "अरबी रक्त, तबेल्यातच म्हातारं झालं. म्या दुसऱ्या कोनाशी लग्न करनार नाही." आणि आत गेली. त्यानंतर आठ दिवस ती बापाशी एक अक्षर बोलली नाही. शाळेतून येऊन सरळ घोडीपाशी जायची. साडू खिडकीतून पाहायचे. ताई मधे निरोपाचं काम करत होत्या. "तिले म्हनाव, जेव." "त्यायले म्हनाव, जेवली." नवव्या दिवशी साडूंचा मला फोन आला. आवाज पडलेला होता. "सर, सुटीच्या दिवशी या. मुकुटबनले जाऊन येऊ. घोडा नापसंत कराच्या आधी पंचाइनं एकडाव पुन्हा चालवून पाहाव, असा नियम हाये." असा नियम कोणत्या पुस्तकात आहे हे मी विचारलं नाही.

साडूंच्या स्कूटरवर मागे बसून मी मुकुटबनला गेलो. कापूस वेचणीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बायका कमरेला झोळीसारखे ओटे बांधून वेचत होत्या. साडू वाटेत भेटलेल्या एकाही बैलजोडीची वर्गवारी न करता गाडी चालवत होते, यावरून त्यांच्या मनाची अवस्था मला कळली. फक्त एकदा मान मागे वळवून म्हणाले, "पोरगं लंगडंच निघालं तं मी सुटलो, सर. अन् नाही निघालं तं?" स्कूटर तेवढ्यात साईडपट्टीवरून उतरली म्हणून उत्तर देण्याचा प्रसंग टळला.

प्रफुलच्या घरी आम्ही न कळवता गेलो. तो पडवीत बाजेवर बसला होता आणि त्याचा उजवा पाय उशीवर होता. आम्हाला पाहून तो उठायला गेला आणि तोंड वेडंवाकडं करून परत बसला. त्याची आई लगबगीनं बाहेर आली. "या जी, बसा जी. काय सांगू, पोरानं पाय मोडून घेतला. बोटाचं हाडूक चिरलं म्हनते डॉक्टर. खताचं पोतं पडलं म्हनते दुकानात. आता पोत्याचा मार असा गोल राह्यते का, तुमीच सांगा!"

साडूंच्या आतला व्रणोपचारक जागा झाला. ते बाजेपाशी उकिडवे बसले, "दाखवा बरं," म्हणाले, आणि पट्टी सोडवायला लागले. पट्टी निघाली. पावलाच्या वरच्या बाजूला काळानिळा अर्धचंद्र उमटला होता, नालेच्या आकाराचा. आणि त्या चंद्राचा आतल्या बाजूचा एक तुकडा गायब होता. ज्वालाच्या पुढच्या उजव्या पायाची नाल तिथंच तुटली होती. ती बदलायची म्हणून साडू दिवाळीपासून नालबंदाची वाट पाहत होते, हे मलासुद्धा माहीत होतं. साडूंनी त्या वळाला आपली बोटं लावून पाहिली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"किती येळ उभी होती?" त्यांनी विचारलं.

"कोन जी?"

"घोडी."

प्रफुल पायाकडे पाहत राहिला. मग सावकाश म्हणाला, "तुमी जर्मनीपासून सुरू केलं ना, तवा ठेवला तिनं पाय. शिक्क्यापावतर आले तवा उचलला."

वीस मिनिटं! मी घड्याळ लावून मोजलेली वीस मिनिटं.

"मंग बोल्ला काहून नाही, बाप्पा?" साडूंचा आवाज चिरकला.

"तुमी इतके खुश होऊन सांगून राह्यले होते. मधात कसं बोलाव? तशी सरकवली म्या तिले जराशी, सरकली नाही. जोरात ढकललं असतं तं तिच्या जुन्या दुखऱ्या पायावर भार आला असता. मीनलनं सांगितलं होतं तिच्या पायाचं." आणि आईकडे चोरून पाहत तो हळूच म्हणाला, "मीनलले नका सांगू. तिलेबी पोत्याचंच सांगितलं म्या. थे घोडीवर रागवन."

साडूंनी त्याच्या आईकडून गरम पाणी मागून घेतलं, पाय पुसला, आणि नवी पट्टी बांधायला घेतली. बैलाच्या खुराला बांधतात तशी, आठाच्या आकड्याची, घोट्यापर्यंत. गाठ मारून झाल्यावर ते उठले, माझ्याकडे वळले, आणि अख्खं मुकुटबन गोळा होईल अशा आवाजात ओरडले, "सर! शिक्का! शिक्का आधीच बसला होता, सर! पंच आंधळे होते!" प्रफुलचे वडील घाबरून गोठ्यातून धावत आले. साडूंनी त्यांना मिठी मारली. त्या गृहस्थांना हातातली बादली खाली ठेवण्याचीही उसंत मिळाली नाही, त्यामुळे साडूंचा पायजमा धारोष्ण दुधानं भिजला. "अंगात रग किती, हे अजून पाहाचं हाये," ते मला समजावत होते, "पन डोक्सं पाह्य! पाय मोडून राह्यला, अन् पोरगं घोडीच्या पायाची काळजी करून राह्यलं! कोमट, सर! माह्या वहीतला पहिला कोमट!"

परतीचा प्रवास मी डोळे मिटून केला. साडू दोन्ही हात सोडून बोलत होते. समोरून येणाऱ्या कापसाच्या गाडीवाल्याला त्यांनी थांबवून सांगितलं, एका मेंढपाळाला सांगितलं, पांढरकवड्याच्या पेट्रोल पंपावर पेट्रोल न भरता नुसतं सांगितलं. घरी मीनल घोडीपाशी होती. तिच्यासमोर जाऊन ते उभे राहिले आणि इतकं पाठ असलेलं व्याख्यान त्यांना आठवेना. शेवटी म्हणाले, "वर्गवारी चुकली, पोरी." इतक्या वर्षांत हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. मग त्यांनी न सांगायचं ते सगळं सांगून टाकलं. मीनल आधी रडली, मग पायाचं कळल्यावर बापावर अशी भडकली की गल्लीतली दारं उघडली. "त्याचं हाडूक मोडून राह्यलं होतं अन् तुमी जर्मनी सांगत होते?" साडू मान खाली घालून ऐकत होते आणि मधूनच माझ्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "ऐका सर," ते कुजबुजले, "याले म्हनते अरबी."

लग्न पांढरकवड्यालाच झालं. नवरदेव घोडीवर बसून मारोतीच्या देवळात जातो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. प्रफुल अर्थातच ज्वालावर बसला. नवी नाल ठोकून झाली होती; तुटकी नाल साडूंनी तबेल्याच्या दारावर लावली होती. लोकांना वाटलं, नजर लागू नये म्हणून. साडू म्हणाले, "प्रमानपत्र हाये थे." पण खरा गोंधळ पुढेच झाला. घोडीचा लगाम धरायला साडू स्वतः पुढे झाले. मुलीचा बाप नवरदेवाची घोडी धरून पुढे चालतोय, हे कोणी कधी पाहिलं नव्हतं. मीनलचे एक चुलते आडवे आले, "हे शोभते का तुमाले? लोकं काय म्हनन?" साडू म्हणाले, "घोडी माही, जवाई माहा. लोकाइचं काय हाये याच्यात?" आणि चालू लागले. बँड कानाशी वाजत होता, डीजे छाती हादरवत होता, फटाके पायाशी फुटत होते. ज्वाला झोपेत चालावं तशी चालत होती आणि साडू गर्दीला ओरडून बजावत होते, "दूर सरका! गरम रक्ताची घोडी हाये, भरोसा नाही!" प्रफुल वरून मला पाहून पहिल्यांदाच मोकळा हसला. देवळापाशी एका पोरट्यानं जळती फुलबाजी घोडीच्या डोळ्याजवळ नेली तेव्हा त्याच प्रफुलनं वरून असा आवाज चढवला की बँडवाल्याचा ढोल थांबला. साडूंनी चालता चालता खिशातून पेन्सिल काढून पत्रिकेच्या मागे 'रग' एवढंच लिहिलं.

संध्याकाळी मीनल निघाली. आईच्या गळ्यात पडून झालं, माझ्या पाया पडून झालं. बापाजवळ आली तेव्हा साडू म्हणाले, "जवाईच्या पायाकडे लक्ष देजो. थंडीत दुखन." मग ती तबेल्यात गेली. आत किती वेळ होती, काय बोलली, कोणाला माहीत नाही. गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि ज्वाला तोंड वळवून त्याच बाजूला पाहत राहिली. पुढचे तीन दिवस तिनं चण्याला तोंड लावलं नाही. साडूंनी जुना थर्मामीटर काढला, ताप पाहिला. शंभर. "घोडीले तं काही नाही," ते म्हणाले. ताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंग तुमालेच असन. चार दिवसापासून तुमी तरी कुठं जेवले?" तो थर्मामीटर नुकताच कुठून निघाला होता हे माहीत असल्यामुळे मी तो त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला.

याला आता वर्ष होत आलं. प्रफुलचा पाय कधीच बरा झाला. तो खताची पोती पाठीवर वाहतो. तरीही रोज संध्याकाळी साडू मुकुटबनला फोन लावतात आणि विचारतात, "जवाईचा पाय कसा हाये?" मीनल म्हणते, "बाबा, सहा महिने झाले बरा होऊन." ते म्हणतात, "असू दे, इचारून ठेवलं बरं." हा फोन ते घरातून करत नाहीत. तबेल्यात जातात, स्पीकर लावतात, आणि बोलणं झालं की फोन घोडीच्या तोंडापुढं धरतात. पलीकडून मीनल तिला काहीबाही सांगते. शाळेचं, शेताचं, आज काय रांधलं ते.

परवा मी गेलो होतो तेव्हाही तसंच झालं. साडू पूर्वीपेक्षा जरा वाकलेत. फोन लागला, आधी पायाची चौकशी झाली, मग त्यांनी हात लांब करून फोन पुढे धरला. "ज्वाला, जेवली का वं?" मीनलचा आवाज आला. ज्वालानं मान उचलली, आणि तिचे दोन्ही कान ताठ उभे राहून आत वळले. साडूंनी माझा दंड धरला. चुटकी नाही, शीळ नाही. अगदी हळू म्हणाले, "पाह्य सर. जुळले ना?"

मी पाहिलं. नेहमीसारखं मध्ये एक बोट अंतर होतं.

"जुळले, भाऊ," मी म्हणालो.